कळसूबाईच्या शिडीवरील निळा प्रकाश आणि वाडीतील आगीचा गोळा: विजांच्या वादळातील अनुभवांची संगती कशी लावावी?

डोंगरवाट

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या दिवसांत, कळसूबाईवरून उतरत असताना आम्हा काही मित्रमैत्रिणींना जे अनुभवास आले, त्याची शास्त्रीय संगती जाणकारांकडून समजून घ्यावी या हेतूने हे लिहीत आहे.

आम्ही माथ्यावरून निघालो तेव्हा भंडारदऱ्याच्या बाजूला ढग दाटले होते, पण गडगडाट दूरचा होता. वरच्या लोखंडी शिडीपाशी पोहोचेपर्यंत अंधारून आले; पाऊस मात्र सुरू झालेला नव्हता. अशा वेळी शिडीच्या कठड्यातून बारीक, सलग चरचर ऐकू येऊ लागली. हात कठड्याजवळ नेला की ती वाढत असे आणि बोटांच्या टोकांना टोचल्यासारखे होत असे. पुढे चाललेल्या मैत्रिणीचे मोकळे केस वारा नसताना उभे राहिले. त्यानंतर कठड्याच्या वरच्या टोकावर बोटभर उंचीचा, निळसर जांभळा, ज्योतीच्या आकाराचा पण न फडफडणारा प्रकाश आम्ही सर्वांनी पाहिला. थोड्याच वेळात समोरच्या सोंडेवर वीज पडली. त्या क्षणी, मोठ्या कडाक्याच्याही आधी, शिडीच्या टोकाशी ‘टक्’ असा वेगळा आवाज झाला. खडकावर पाय फाकवून उभ्या असलेल्या मित्राच्या पायांतून जोराचा झणका गेला. त्याच्यापासून हातभर अंतरावर पाय जुळवून बसलेल्या मला काहीही जाणवले नाही. वीज पडताच चरचर थांबली, केस खाली आले, प्रकाश नाहीसा झाला आणि काही वेळाने हे सर्व पुन्हा सुरू झाले.

त्याच वादळात पायथ्याच्या एका वाडीत राहणाऱ्या माझ्या मावशीने शेताच्या कडेला आगीचा गोळा सरकताना पाहिला. त्यानंतर वाडीची वीज गेली, आणि वीज नसतानाही प्रत्येक मोठ्या लखलखाटाबरोबर घरातील एलईडी दिवा क्षणभर उजळत होता. नळाला हात लावला तेव्हा तिला झटकाही बसला. हे सर्व एकाच घटनेचे प्रकार आहेत की वेगवेगळ्या गोष्टी एका संध्याकाळी घडल्या, हा माझा प्रश्न आहे.

पदार्थविज्ञान_शिक्षक

आपण निरीक्षणे फार काळजीपूर्वक नोंदवली आहेत. आधी काय घडले, विजेच्या क्षणी काय घडले आणि नंतर काय थांबले, हा क्रम आपण दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. माझ्या मते या घटनांचे मूळ एकच असले तरी त्यांच्या यंत्रणा किमान तीन आहेत.

वीज पडण्यापूर्वीच्या घटनांपासून आरंभ करू. निरभ्र दिवशीही जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र असते. त्याची जाणीव आपल्याला होत नाही. गडगडाटी ढगाखाली सपाट जमिनीवर ते दर मीटरला काही हजारांपासून १० हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक होऊ शकते, आणि उंच सुळक्यावर ते आणखी एकवटते. ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्याच्या विरुद्ध असा धन विद्युतभार जमिनीतून वर खेचला जाऊन टोकदार वस्तूंवर गोळा होतो. हवा विद्युतरोधक न राहता तुटण्यासाठी समुद्रसपाटीवर दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टचे क्षेत्र लागते. एवढे क्षेत्र मोकळ्या जागेत कोठेही नसते. पण लोखंडी गजाच्या टोकाशी, काही मिलिमीटरांच्या परिसरात, ते सहज निर्माण होते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर असल्याने तेथील हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १५ टक्के विरळ आहे आणि ती त्या प्रमाणात लवकर तुटते.

अशा वेळी टोकापाशी हवेतील इलेक्ट्रॉन वेग घेतात, नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात आणि ते रेणू निळा-जांभळा प्रकाश देतात. हेच कोरोना विसर्जन होय. जुन्या काळी भूमध्य समुद्रावरील खलाशांनी त्याला संत एल्मोचा अग्नी असे नाव दिले, आणि आजही तेच रूढ आहे. जुलै १८३२ मध्ये प्लाटा नदीच्या मुखाजवळ बीगल जहाजाच्या डोलकाठीवर चार्ल्स डार्विनने तो पाहिला होता. त्यात ज्वलन नसल्यामुळे तो फडफडत नाही. चरचर हा त्याच विसर्जनाचा, अतिशय झपाट्याने होणाऱ्या सूक्ष्म स्पंदांचा आवाज आहे. हात जवळ नेला की बोटांची टोकेही विसर्जन करू लागतात, म्हणून टोचणी जाणवते. केस उभे राहतात ते प्रत्येक केसावर एकाच प्रकारचा विद्युतभार येऊन ते परस्परांना दूर लोटतात म्हणून. वीज पडताच ढगातील बराचसा भार निघून जातो, क्षेत्र एका क्षणात कोसळते आणि हे सर्व थांबते. ढग पुन्हा भारित होऊ लागला की ते पुन्हा सुरू होते. आपण पाहिलेला क्रम हा या स्पष्टीकरणाचा उत्तम पुरावा आहे.

या प्रकाशासाठी वीज पडावीच लागते असे नाही, हे येथे सांगण्यासारखे आहे. २४ जून १९८२ रोजी जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेतून गेलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाच्या काचांवर हाच प्रकाश नाचत होता, कारण राखेच्या घर्षणाने विमान भारित झाले होते.

आता ‘टक्’ या आवाजाविषयी. ढगातून खाली येणारी विजेची वाट जमिनीपासून काही दशक मीटरांवर आली की जमिनीवरील उंच वस्तूंमधून तिला भेटण्यासाठी वर जाणाऱ्या ठिणग्या निघतात. त्यांपैकी एकीचीच गाठ पडते, बाकीच्या विझतात. आपल्या शिडीच्या टोकातून अशीच एक न जुळलेली शाखा निघाली असावी, असे मला वाटते. अगदी जवळ वीज पडलेल्या अनेकांनी कडाक्याआधीच्या अशा टिचकीची नोंद केली आहे. याचा अर्थ इतकाच, की वीज समोरच्या सोंडेवर पडावी की आपल्या शिडीवर, याचा निर्णय त्या क्षणी फार थोड्या फरकाने झाला. १९७५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील मोरो रॉक या सुळक्यावर भावंडांनी आपले उभे राहिलेले केस पाहून हसत हसत छायाचित्रे काढली होती. त्यानंतर काही मिनिटांतच तेथे वीज पडली आणि त्यांच्यातील एक जण बेशुद्ध झाला. उभे केस ही गंमत समजू नये, अशी सर्व गिर्यारोहकांना माझी कळकळीची विनंती आहे.

तारजोड

मी विद्युत अभियंता आहे. सरांच्या उत्तराला जोडून पायांतील झणका आणि घरातील घटना यांविषयी लिहितो.

वीज जमिनीत शिरल्यावर प्रवाह सर्व दिशांना पसरतो आणि जमिनीवर प्रत्येक बिंदूचे विभव, म्हणजे विद्युतदाब, वेगळे होते. सर्वसाधारण प्रवाह ३० हजार अँपिअर आणि जमिनीची विशिष्ट रोधकता (प्रवाहाला ती किती विरोध करते याचे माप) १०० ओहम-मीटर धरली, तर वीज पडलेल्या जागेपासून १० मीटरवर एक मीटर फाकलेल्या दोन पायांमध्ये सुमारे ४३०० व्होल्टचा फरक येतो. पाय २० सेंटिमीटर अंतरावर असतील तर तोच फरक साडेनऊशेच्या आसपास उतरतो, आणि पाय पूर्ण जुळलेले असतील तर जवळजवळ नाहीसा होतो. सह्याद्रीच्या खडकाची रोधकता मातीपेक्षा बरीच जास्त असल्याने हे आकडे डोंगरावर वाढतात. आपल्याला काही न जाणवता शेजारच्या मित्राला झणका का बसला, याचे उत्तर यात आहे. गुरे याला सर्वाधिक बळी पडतात, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर दीड मीटरच्या आसपास असते आणि प्रवाह थेट हृदयावरून जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविड्डा पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडिअर मेले, ते या जमिनीतील प्रवाहामुळेच. झाडाखाली गुरे बांधणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला हवी.

वीज गेलेली असताना दिवा उजळणे हा प्रकार यापेक्षा वेगळा आहे. विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत शून्यावरून शिखरावर जातो, त्यामुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र अतिशय वेगाने बदलते आणि तारांच्या प्रत्येक वेढ्यात व्होल्टेज प्रवर्तित होते. १०० मीटरवर पडलेल्या विजेचा प्रवाह ३ मायक्रोसेकंदांत ३० हजार अँपिअरपर्यंत चढला असे मानले, तर घरातील वायरिंगच्या १० चौरस मीटरच्या वेढ्यात सुमारे २०० व्होल्ट निर्माण होतात. शिवाय खांबावरून घरात येणारी उघडी तार ही शेकडो मीटर लांबीची असल्याने तिच्यावर याहून कितीतरी मोठी लाट येते. एलईडी दिव्यातील छोटा धारित्र (कपॅसिटर) ती ऊर्जा साठवतो आणि दिवा डोळ्यांना दिसेल इतका वेळ उजळतो. जुन्या तंतूच्या बल्बमध्ये हे दिसले नसते, कारण तंतू तापण्यास बरीच अधिक ऊर्जा लागते.

नळाचा झटका मला अधिक चिंताजनक वाटतो. पाण्याची टाकी उंचावर असेल, नळ लोखंडी असतील आणि घराचे अर्थिंग कोरड्या मातीत नावापुरते असेल, तर नळ आणि घराची जमीन यांच्यात वादळात हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो. घरातील सर्व धातूचे नळ आणि अर्थिंगचा गज एकमेकांना जाड तारेने जोडून घ्यावेत, आणि ढग गडगडू लागल्यावर नळाखाली हात धुणे, अंघोळ करणे टाळावे. मेन स्विच बंद केल्याने उपकरणे वाचतील या भरवशावर राहू नये. स्विचमधील काही मिलिमीटरांची फट मोठ्या लाटेपुढे टिकत नाही. वादळ दूर असतानाच प्लग उपसून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

ग्रामीण_वैद्यक

पायांत झणका बसलेल्या आपल्या मित्राची कानांची आणि डोळ्यांची तपासणी एकदा करून घ्यावी. जवळ वीज पडल्यास कानाचा पडदा फाटण्याची शक्यता असते, आणि मोतीबिंदू काही महिन्यांनीही दिसू शकतो. पाय काही तास निळसर, थंड आणि लुळे पडणे हाही विजेच्या आघातानंतर आढळणारा विशिष्ट प्रकार आहे. तो बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. कधी कधी कातडीवर नेच्याच्या पानांसारखी तांबूस नक्षी उमटते. ती भाजल्याची जखम नसते आणि एक-दोन दिवसांत पुसली जाते, पण खेड्यांत तिच्याविषयी फार भीती असते.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहते, म्हणून त्याला हात लावू नये, हा समज मी आजही ऐकतो आणि त्यामुळे वाचू शकणारी माणसे दगावतात. तसे काहीही शिल्लक राहत नाही. अनेकदा हृदय स्वतःहून पुन्हा सुरू होते, पण श्वसनकेंद्र अधिक काळ बधिर राहते. अशा वेळी लगेच छातीदाब आणि तोंडाने श्वास दिला तर माणूस परत येतो. अनेक जण एकदम पडले असतील, तर निपचित पडलेल्यांकडे आधी धावावे. जे कण्हत आहेत त्यांचा श्वास चालू आहे.

डोंगरवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मित्राला तपासणीसाठी पाठवत आहे. दोन गोष्टी विचारावयाच्या आहेत. लोखंडी शिडी वीज ओढून घेते का, आणि तशा स्थितीत शिडीवरून उतरावे की थांबावे? दुसरे असे की, मावशीने पाहिलेल्या गोळ्याविषयी कोणी काही लिहिलेले नाही. ती अतिशय शांत स्वभावाची आणि पाहिले तेवढेच सांगणारी बाई आहे, त्यामुळे तिचे सांगणे मी बाजूला ठेवू इच्छित नाही.

पदार्थविज्ञान_शिक्षक

धातू असल्यामुळे वीज ओढली जाते असे नाही. वस्तूची उंची, टोकदारपणा आणि एकटेपणा यांना महत्त्व आहे. हातातील किल्ल्या किंवा पट्ट्याचे बक्कल फेकून देण्यात अर्थ नाही. शिडीचा धोका वेगळा आहे: ती लांब वाहक आहे, त्यामुळे तिच्या वरच्या टोकाजवळ वीज पडली तर खालच्या टोकाला धरलेल्या माणसापर्यंत प्रवाह पोहोचतो. केस उभे राहिले असतील आणि जवळ रुंद टप्पा असेल, तर शिडी सोडून तेथे जावे. नसेल, तर घसरण्याचा धोका न पत्करता शक्य तितक्या लवकर उतरावे. माथा आणि धार सोडणे हे सर्वांत महत्त्वाचे. गटाने एकमेकांपासून अंतर ठेवावे, म्हणजे एकाच आघातात सर्व जण सापडत नाहीत. उथळ कपारीत शिरू नये, कारण खडकावरून वाहणारा प्रवाह कपारीच्या तोंडाशी आतील माणसातून उडी घेऊ शकतो. पाय जुळवून उकिडवे बसणे हा अन्य काहीच शक्य नसतानाचा उपाय आहे, त्याला आसरा समजू नये.

खरा निर्णय मात्र त्याआधी घ्यावा लागतो. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातील सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आवाज ऐकू येत असेल तर आपण विजेच्या टप्प्यात आहोत, असे धरावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप २० ते ४० किलोमीटर परिघातील विजांची सूचना देते. डोंगरावर मोबाइलचे जाळे मिळेलच असे नसल्याने पायथा सोडण्यापूर्वी ते पाहावे, आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर माथ्यावर थांबू नये.

सांजवारा

गोलाकार विजेविषयी बरीच वर्षे वाचत आलो आहे, म्हणून मावशींच्या अनुभवाबद्दल लिहितो. ही घटना भ्रम म्हणून झटकण्यासारखी नाही आणि सिद्ध झालेलीही नाही. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेऑर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ वादळात विद्युतभार मोजत असताना मरण पावले, तेव्हा त्यांच्या साहाय्यकाने उपकरणाकडून निघालेला निळसर गोळा पाहिल्याचे सांगितले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाणाऱ्या रात्रीच्या विमानात रॉजर जेनिसन या इलेक्ट्रॉनिकीच्या प्राध्यापकांनी सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा गोळा आसनांमधील वाटेवरून सरकत गेलेला पाहिला आणि १९६९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याची नोंद केली. निरीक्षक कसलेला असला तरी तेथे मोजमाप नव्हते.

मोजमाप मिळाले ते योगायोगाने. २०१२ च्या जुलैमध्ये चीनच्या छिंगहाई पठारावर साध्या विजांचा वर्णपट (प्रकाशाचे रंगांनुसार पृथक्करण) घेत असलेल्या संशोधकांच्या कॅमेऱ्यांत, सुमारे ९०० मीटरवर वीज पडल्यानंतर उठलेला एक गोळा टिपला गेला. तो दीड सेकंदाच्या थोडा वर टिकला आणि त्याच्या वर्णपटात सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियम यांच्या रेषा आढळल्या, म्हणजेच मातीतील मूलद्रव्ये. विजेने तापलेल्या मातीतून सिलिकॉनचे सूक्ष्म कण उडून ते हवेत सावकाश जळतात, या २००० साली मांडलेल्या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला. पण बंद विमानात माती कोठून येणार? म्हणूनच एकच स्पष्टीकरण सर्व अनुभवांना पुरेल, असे मला वाटत नाही. विजेचे झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र मेंदूवर परिणाम करून प्रकाशाचा भास निर्माण करते, असेही काही शास्त्रज्ञांनी सुचवले आहे. तो भास नजर वळेल तिकडे वळला पाहिजे.

म्हणून मावशींना कृपया एवढे विचारावे: गोळा लखलखाटानंतर दिसला की आधी? तो कशाला धरून सरकत होता की मोकळ्या हवेत? आवाज होता का, किती वेळ दिसला, आणि शेवटी काय झाले? उत्तरे सुचतील असे प्रश्न मात्र विचारू नयेत.

डोंगरवाट

मावशीशी बोललो. मोठी वीज कडाडल्यानंतर लगेच गोळा दिसला. शेताच्या कडेने जाणाऱ्या विजेच्या लाईनच्या तारांवरून तो डीपीच्या, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, दिशेने सरकला. रंग पांढरा-निळा होता, पाहवत नव्हते इतका तेजस्वी होता, आणि मोठ्याने घरघरत होता. दोन श्वासांचा वेळ गेला असेल. मग डीपीपाशी मोठा आवाज झाला आणि वाडीची वीज गेली. दुसऱ्या दिवशी वायरमनने डीपीचे फ्यूज नवे घातले.

तारजोड

मावशींनी दिलेले तपशील निर्णायक आहेत. ही गोलाकार वीज नसून ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाईनवर सरकणारी ठिणगी असावी, असे माझे मत आहे. वीज लाईनवर किंवा तिच्याजवळ पडली की दोन तारांमधील हवा तुटते, आणि त्या वाटेने मग लाईनचा स्वतःचा प्रवाह वाहू लागतो. विजेचा आघात मायक्रोसेकंदांत संपतो, पण ही ठिणगी उपकेंद्रातील संरक्षण यंत्रणा लाईन तोडेपर्यंत किंवा फ्यूज उडेपर्यंत जळत राहते. तिच्यातील प्रवाह आणि तारांतील प्रवाह यांच्या चुंबकीय बलामुळे उघड्या तारांवर ती नेहमी पुरवठ्याच्या उगमापासून दूर ढकलली जाते, म्हणजे उपकेंद्राकडून डीपीकडे. मावशींनी सांगितलेली दिशा नेमकी हीच आहे. घरघर ही ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची असते, आणि केवळ आकाशातील वीज असती तर ती ऐकू आली नसती. आपल्या पहिल्या लेखनातील एक गोष्टही यातून उलगडते: वीज गेली ती गोळ्यानंतर, आणि दिवा उजळत राहिला तो त्याच्याही नंतरच्या विजांमुळे.

पडताळणी करता येईल. त्या पट्ट्यातील तारांवर ठिणगी थबकलेल्या जागी वितळल्याचे बारीक खड्डे असतील आणि खांबांवरील चिनी मातीच्या एखाद्या इन्सुलेटरवर काळा पट्टा किंवा तडा आढळेल. फ्यूज बदलून काम संपलेले नाही, हे मावशींनी वायरमनला अवश्य सांगावे. तडकलेल्या इन्सुलेटरमध्ये पावसाचे पाणी शिरले की लोखंडी खांबात आणि त्याला आधार देणाऱ्या ताणतारेत वीज उतरते, आणि वाडीतील गुरे बहुधा त्याच ताणतारेला अंग घासतात. जूनचा पाऊस लागण्यापूर्वी लाईन बंद करून ते सर्व इन्सुलेटर तपासून घ्यावेत, आणि तोपर्यंत गुरे त्या खांबांपासून दूर बांधावीत.